सायकली कुठे बांधायच्या

आमच्या कॅरॅव्हानला घरात सगळे ट्रेलरच म्हणतात. धाकट्या दिराच्या बारामतीच्या वर्कशॉपमध्ये उसाचे ट्रेलर बनतात आणि तिथेच ही तयार झाली. जीपच्या मागे जोडायची, दोन चाकांवरची पत्र्याची खोली. आत दोन बाकडी, मागच्या भिंतीला ओटा, शेगडी आणि पाण्याचा ड्रम. रंग कारखान्याच्या ट्रेलरचाच, कारण तो शिल्लक होता.

नवऱ्याने वीसेक वर्षे सोमेश्वरनगरला ऊसवाहतूक केली. मग साखरेच्या आजाराने एक डोळा गेला, दुसऱ्याला बाजूचे दिसेनासे झाले. डॉक्टरांनी गाडी चालवणे बंद केले. तेव्हापासून जीप मी चालवते. सामान भरणे आणि बांधणे हे काम त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि त्यात मी बोललेले त्यांना आवडत नाही.

सायकलींचा विषय पळसदेवमुळे निघाला. उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी उतरले की तिथे मैलभर सपाट, कडक जमीन उघडी पडते आणि जुने देऊळ दिसू लागते. त्या जमिनीवर बाजूने कोणी येत नाही. मागच्या उन्हाळ्यात एका मासेमाराची सायकल मागून घेऊन ते देवळापर्यंत एकटे जाऊन आले होते. त्यानंतर वर्षभर, न विचारता, ती जमीन किती सपाट होती हे मला सांगत राहिले. बारामतीच्या रस्त्यावर मी त्यांना सायकल चालवू देत नाही. त्यांना एकट्याने कुठे जाता येईल अशी तेवढी एकच जागा होती.

म्हणून या वेळी दोन सायकली घेतल्या. दिराने ट्रेलरच्या मागच्या पत्र्यावर लोखंडी स्टँड जोडून दिला.

"मागं कशाला?" मी विचारले.

"वहिनी, मागं लावल्यावर काढायला सोपं. पुढं जीपला घासतंय."

"उसाला मागं ढीगभर जास्त भरायचो," नवरा म्हणाला, "कधी हाललं न्हाय. तू फक्त स्टेअरिंग धर."

मी स्टेअरिंग धरले. भिगवणपर्यंत काही झाले नाही. हायवेला लागल्यावर एका उतारावर एसटी शेजारून गेली आणि मागची खोली शेपटीसारखी हलू लागली. आधी थोडी, मग जीपच हलवील इतकी. स्टेअरिंग हातात हलके लागत होते. मी ब्रेक लावला नाही, पाय उचलला आणि चाक सरळ धरून ठेवले. गाडी आपोआप शांत झाली तेव्हा डाव्या बाजूला एक ढाबा होता. तिथे थांबवली.

"टायरमधी हवा कमी आसंल," नवरा म्हणाला. हवा ठीक होती. चाकांना दगड लावून मी हूक सोडला. ट्रेलरची पुढची, जीपला जोडायची दांडी हातभर वर उठली आणि मागचा कोपरा जमिनीला टेकला.

"उलाळ झालीया," ते म्हणाले. बैलगाडीत मागे जास्त भरले की बैलांच्या मानेवरचे जू वर उचलले जाते, तसे. आम्ही दोघे शेतातच वाढलो, त्यामुळे समजावून सांगायचे काही नव्हते.

"मग उसाचा ट्रेलर का न्हाय झाला?" ते स्वतःशीच बोलले.

"त्याला चार चाकं. हिला दोन."

मला पुढे जायचे होते, ऊन वाढत होते. सोपा उपाय समोर होता. "सायकली ढाब्यावर ठेवू," मी म्हणाले, "येताना घेऊ."

"आन् तितं मी काय करू? खिडकीत बसू?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी ढाब्याकडे पाहिले, मग दांडीकडे. दांडीवर, जीप आणि खोलीच्या मधे, जागा होती. दीर म्हणाला होता ते खरे, वळताना सायकलींचे हँडल जीपच्या काचेला लागले असते.

"हँडल फिरवून बांधता येईल का?" मी विचारले.

"पॅडल बी काढावं लागतील. पाना दे."

पुढचा तासभर ते दांडीजवळ बसून होते. पॅडल काढली, हँडल आडवे केले, दोन्ही सायकली उलट तोंडाने एकमेकींना चिकटवल्या आणि ट्रेलरच्याच दोरीने आवळल्या. गाठी डोळ्यांनी नाही, हातांनी पाहिल्या. मी ड्रममधले अर्धे पाणी ढाब्याच्या लिंबाला ओतले. मग दांडी उचलून पाहिली. या वेळी ती सहज उठेना.

"आता आगदी जड नको," ते म्हणाले, आणि आत पुढच्या बाजूला ठेवलेली गॅसची टाकी मागे चाकांच्या वर सरकवायला लावली. हूक लावून मी जीप आवारात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवली. ते शेजारून चालत हाताने अंतर चाचपत होते. "जा. आजून जा. बास." चार बोटे जागा उरत होती.

ढाब्याच्या मालकाने विचारले, "ताई, ह्यात काय इकता?"

"काही नाही."

"मग ही शेगडी, वटा कशाला फिरवता?"

"ह्यांना सायकल चालवायची हाय," मी म्हणाले. त्याला ते पटले नाही.

पळसदेवपर्यंत ट्रेलर हलला नाही. मी दोन-तीनदा आरशात पाहिले. ते मात्र खिडकीबाहेर हात काढून बाजूच्या वाऱ्याचा जोर किती, ट्रेलर हलेल का, याचा अंदाज घेत राहिले.

पाण्याजवळ पोचल्यावर पॅडल बसवली. एक उलटे बसत होते, ते त्यांनी काढून पुन्हा बसवले. माझी सायकल मी उतरवलीच नाही. दुपार होती आणि मला सावली हवी होती.

"देवळाच्या पलीकडं जाऊ नका," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले, आणि निघाले.

मी शेगडी पेटवली. जाळी सुकवणारा एक माणूस चहा केवढ्याला म्हणून विचारून गेला. त्याला एक कप दिला. देवळापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. तिथे ते थांबले नाहीत, पलीकडे गेले.