एका जाळाची मोयाक्का

हिल्या कांगासचं घर गोठलेल्या तळ्याच्या काठी, भूर्जाच्या झाडांत. हिवाळाभर दर शनिवारी तिच्या आवारातून दोन धूर वर चढायचे. एक स्वयंपाकघरातल्या चुलीचा, दुसरा मागच्या सॉनाचा. चुलीवर मोयाक्का दुपारपासून मंद रटरटायची. हाडासकट गोमांस, बटाटे, पिवळा सलगम, आणि वरून ऑलस्पाइसचे मिरीसारखे अख्खे दाणे. तोवर मागच्या लाकडी खोलीत वाफेच्या आंघोळीसाठी दगड तापायचे. आधी घाम काढायचा, मग ताटलीला हात लावायचा. बाप तांब्याच्या खाणीत खपला, नवरा जंगलतोडीत झिजला, पण हिल्याचा शनिवार कधी चुकला नाही.

यंदा ती पायरीवर घसरली आणि उजवा हात गळ्यात आला. मुलगा रायनो शहरातून धावत आला.

"आई, बास झालं आता. बर्फ वितळेपर्यंत माझ्याकडे चल."

"आणि शनिवार?"

"एका हातानं कसला शनिवार!"

"करून दाखवला तर?"

रायनो हसला. "कोणाची मदत न घेता केलास तर राहा इथंच. पातेलं तेवढं मी उतरवीन. नाही जमलं तर बॅग भरून ठेव."

शनिवारी सकाळी शेजारचा म्हातारा आर्वो बर्फावरून घसरत घसरत आला. "हिल्या, सलगम सोलून देऊ?"

"हात लावलास तर तोडीन. पैज आहे."

"मग बसतो बघत. फुकटचा खेळ कोण सोडतो!"

हिल्यानं पाटाला खिळा ठोकून ठेवला होता. त्यात सलगम खुपसायचा आणि डाव्या हातानं सोलायचा. साल जाड निघत होती, पण निघत होती. मांस कसायानं नेहमीसारखं तोडून दिलं होतं. अडलं ते जाळापाशी. लाकडं सॉनाच्या भिंतीला रचलेली. एका हातात एकच ओंडका येई. तो चुलीत घालावा तर सॉना विझे, सॉनाकडे जावं तर चूल विझे. दुपार झाली, पातेल्यातलं पाणी अजून कोमटच. ती धापा टाकत सॉनाच्या उंबऱ्यावर बसली.

"भरायची का बॅग?" आर्वोनं विचारलं.

हिल्या उघड्या दारातून तापणारे दगड बघत होती. आंघोळ झाली की बाप याच दगडांवर सॉसेज भाजायचा, हे तिच्या डोळ्यांपुढं आलं. ती उठली. पातेलं रिकामं केलं, घसरगाडीवर ठेवून ढकलत आणलं आणि दगडांच्या कडेला, जिथं आच जरा सौम्य, तिथं टेकवलं. मग एकेक लोटा पाणी, एकेक परडी मांस, भाज्या. एकच जाळ, एकच वाट.

अंधार पडता पडता रायनो आला. एकच धूर दिसला. चुलीला हात लावला, गार. बिचाऱ्याचा चेहराच उतरला.

"राहू दे आई. बॅग कुठं आहे?"

"आधी आंघोळ. या घरातून कोणी शनिवारी पारोसा बाहेर पडत नाही."

तो कपडे काढून सॉनात गेला. दार उघडलं आणि वाफेबरोबर ऑलस्पाइसचा, हाडाच्या चरबीचा वास अंगावर आला. तो उघडाच तिथं उभा राहिला. वरच्या बाकावर आर्वो लालबुंद होऊन बसला होता.

"दार लाव, गाढवा! आणि पाणी दगडांवर टाक, पातेल्यावर नको. माझ्याकडून मघाशी झाकण सरकलं आणि गेलंय थोडं आत. तिला सांगू नकोस."

आंघोळ उरकून रायनोनं दोन्ही हातांनी पातेलं उचललं आणि बर्फातून घरात आणलं. मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. हिल्यानं डाव्या हातानं पहिला चमचा तोंडात घातला आणि आर्वोकडे पाहिलं.

"किती पाणी ओतलंस रे?"

"एक लोटा," आर्वो ताटलीत बघत म्हणाला. "ही मदत नव्हे, हिल्या. नुकसान आहे."

रायनो इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्यांदा वाढून घेत तो म्हणाला, "बॅग पलंगाखाली ढकलतो. पण सकाळी लाकडं फोडून दारापाशी रचून देईन. त्याला नाही म्हणू नकोस."

"रच की," हिल्या म्हणाली. "पण सॉनाच्या दारापाशी. आणि एका जाळापुरतीच."