खाऱ्या पाण्याचा पट्टा

२००८ साल. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा. गुडघ्यांनी होडी सोडायला लावली होती, उत्तनच्या घरी बसून होतो. सोबतीला एक तांबडा कुत्रा. दिवाळी सरली, बोंबील वाळत पडायला लागले आणि याची चोरी सुरू झाली. शेजारणीच्या बांबूच्या मांडवाची खालची ओळ ओढायची, सगळा माल वाळूत पाडायचा आणि तोंडात एक घेऊन माझ्या ओट्यावर यायचं. बांधला तर दिवसभर केकाटायचा.

शेजारीण एक दिवस भल्या सकाळी कमरेवर हात ठेवून दारात उभी. "दादा, हा कुत्रा हाय का जावई हाय? जेवतोय माझ्याकडं, झोपतोय तुमच्याकडं! उद्या नवा माल टांगणार हाय मी. एक जरी बोंबील पडला ना, तर याला इथं ठेवायचा न्हाय."

मुलाने तर कुत्रा तिकडे पाठवायचं काशीगावच्या त्याच्या सासऱ्यांशी बोलूनही ठेवलं होतं. त्यांचं घर हायवेला लागून. वाळूत वाढलेला कुत्रा तिथे ट्रकखाली जायला आठवडा लागला नसता. मी म्हटलं, कुत्रा कुठे जाणार नाही. मग मुलगा म्हणाला, "मीरा रोडला रिमोटवाला पट्टा मिळतो. बटण दाबलं की कुत्रा थांबतो. पण संध्याकाळी मी येतो तुमच्याबरोबर, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

एवढं ऐकल्यावर मी कशाला संध्याकाळची वाट बघतोय? सकाळीच बस धरली.

मीरा रोडच्या पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या बाजूला दुकान होतं. दुकानदाराने तीन पट्टे मांडले. एक नुसता पिपिप वाजणारा, एक गळ्याला थरथरणारा, एक करंटचा झटका देणारा. वाजणारा मी लगेच बाजूला सारला. आमच्याकडच्या वाऱ्यात माणसाची हाक ऐकू येत नाही, तिथे ही पिपाणी काय ऐकू येणार! झटक्याचा मनगटाला बांधला आणि म्हटलं, दाब.

"अंकल, लगेगा."

"दाब रे तू."

दाबला. हात काउंटरवरून उडाला. "होडीच्या इंजिनाने याच्यापेक्षा मोठे झटके दिलेत मला," असं मी म्हणालो खरं, पण बोटं बराच वेळ मुंग्या आल्यासारखी होती. हा मी माझ्या कुत्र्याच्या गळ्यात बांधणार नव्हतो. राहिला थरथरणारा.

"कितना दूर चलेगा?"

"तीन सौ मीटर."

"वाव में बोलो."

"वाव क्या होता है, अंकल?"

मी दोन्ही हात फाकवून दाखवले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव, आम्ही समुद्राची खोली अशीच मोजतो. मागे उभी असलेली बाई फिस्सकन हसली. माझं डोकं तापलं.

"पानी में चलेगा?"

"वॉटरप्रूफ है."

"खारे पानी में?"

"पानी तो पानी होता है, अंकल."

तिथेच ओळखलं, याने समुद्र फक्त चौपाटीवरून बघितलाय. एक बादली पाणी आणि मूठभर मीठ मागितलं, बुडवून बघतो म्हटलं. त्याने हात जोडले. "पहले पैसा, फिर जो डुबाना है घर पे डुबाओ."

आमच्या घरात जाळ्याचा तरंगता बोया असो, ताडपत्री असो, नवी वस्तू आधी खाऱ्या पाण्यात भिजणार, मगच कामाला लागणार. माझ्या बापाची रीत. घरी येऊन समुद्राची बादली भरली आणि पट्टा बुडवला. दिवेलागणीला काढला. बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं, काही नाही. हापटला, तरी काही नाही.

मुलगा कामावरून आला, पट्टा उलटा करून बघितला. "बाबा, हे चार्जिंगचं भोक. याचं रबरी झाकण कुठंय?"

"ते लोंबत होतं. काढून टाकलं."

"झाकण लावल्याशिवाय भिजवू नका असं लिहिलंय ना खोक्यावर!"

"इंग्रजीत लिहिलंय. उत्तनचा समुद्र इंग्रजी वाचत नाही."

"म्हणून म्हणत होतो, मी येतो!"

दुकानदाराने फोनवरच हात झटकले. सुनेने विचारलं, मग काशीगावला कळवायचं का? मी ताटावरून उठलो. अजूनही सांगतो, एका झाकणावर ज्याचा जीव, ती वस्तू आमच्या किनाऱ्यावर विकूच नये.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी कुत्र्याची साखळी माझ्या कमरेला बांधली आणि शेजारणीच्या मांडवाखाली जाऊन बसलो. ती टोपली डोक्यावर घेऊन आली, आधी कुत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दादा, राखणीचा पगार न्हाय मिळायचा."

"मागितलाय कोणी?"

टोपली तिने खाली ठेवली. बसून काय करायचं, म्हणून मी त्यातले दोन बोंबील उचलले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि सर्वांत खालच्या दोरीवर टांगले.