भरीत पार्टी आणि नानांचा फंड

बँक अडचणीत आली की पैसे आत अडकतात, किस्से मात्र बाहेर येतात! आमच्या बागेतल्या बाकावर तर ते इतके साचलेत की बसायला जागा उरलेली नाही. त्यात मी सरकारी बँकेतून रिटायर झालेला माणूस. जळगावात कुठे अर्धं शटर खाली दिसलं, की सकाळी फिरायला आलेला प्रत्येक जण मलाच धरतो.

सगळ्यात घट्ट धरतात ते नाना. त्यांची उभी हयात वरणगावच्या फॅक्टरीत गेली. रिटायर झाल्यावर फंडाची सगळी रक्कम त्यांनी गावातल्या एका पतसंस्थेत टाकली, बँकेपेक्षा दीड टक्का जास्त मिळतो म्हणून. दिवाळीनंतर टीव्हीवर कुठल्याशा बँकेसमोरची रांग दिसली आणि नानांची झोप उडाली. म्हातारपणाची सगळी भिस्त त्या एका पावतीवर होती हो!

"साहेब, आपली संस्था पक्की आहे ना?" रोज सकाळी हाच प्रश्न.

*

नानांची स्वतःची एक कसोटी होती. मार्बल!

"अहो, पार जिन्यापर्यंत मार्बल आहे. एवढा खर्च करून कोण पळून जाईल?"

"नाना, जागा भाड्याची आहे."

नाना म्हणाले, "पण एसी किती गार आहे!"

*

डाळमिलवाले सुगनशेठ हे ऐकून हसले. "नाना, सगळा पैसा एका ठिकाणी ठेवायचाच नाही. मी बघा, पाच वेगवेगळ्या पतसंस्थांत ठेवलाय!"

मी पाचही नावं विचारली. पहिली नानांचीच संस्था. दुसरीची चेअरमन पहिल्या चेअरमनची बायको. तिसरीचा त्यांचा मेव्हणा, चौथीचा साडू. आणि पाचवीचा चेअरमन कोण, तर पहिल्या चेअरमनचा ड्रायव्हर!

शेठ क्षणभर हिशेब जुळवत राहिले. "म्हणजे घरातलीच माणसं आहेत. एकमेकांना थोडीच बुडवणार!"

माझी ट्यूब तिथेच पेटायला हवी होती. नाही पेटली.

*

पाटील सर गणिताचे. त्यांनी कुठेतरी वाचलं, की पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. सरांनी नानांच्याच संस्थेत व्याजासकट पाच लाखांच्या आत बसेल अशी रक्कम मोजून ठेवली आणि आम्हाला बाकावर अर्धा तास सूत्र समजावलं.

त्यांचं संपल्यावर मी म्हटलं, "सर, तो विमा बँकेला. पतसंस्थेला नाही."

सर भडकलेच! "मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही शिकवत होतात, सर. मधे बोलायची सवय नाही."

*

एकदा मीच नानांना घेऊन माझ्या जुन्या बँकेत गेलो. निदान थोडे पैसे इकडे हलवावेत म्हणून. नानांनी मॅनेजरला थेट विचारलं, "साहेब, तुमचे स्वतःचे पैसे कुठे असतात?"

"इथेच. पगार इथेच जमा होतो."

"आणि तो सुरक्षित राहतो?"

"माहीत नाही हो. पाच तारखेच्या पुढे राहिलेला मी अजून पाहिला नाही!"

नानांना माणूस प्रामाणिक वाटला. पैसे मात्र हलवले नाहीत, दीड टक्का आडवा आला.

*

शेवटी मीच मनावर घेतलं. संस्थेचा अहवाल घरी आणला, चष्मा लावला, दोन दिवस वाचला. ऑडिट वर्ग 'अ'. थकबाकी नावापुरती. नफा दरवर्षी चढता. मी बाकावर जाहीर केलं, "नाना, निवांत झोपा!" आणि माझा अहवालावर एवढा विश्वास बसला, की मी स्वतःचेही पैसे तिथेच नेऊन ठेवले. आता सांगताना लाज वाटते.

*

पौषात संस्थेची ठेवीदारांसाठी भरीत पार्टी झाली, दरवर्षीसारखी शेतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. चेअरमन स्वतः वाढत होते. आम्ही पुरुष एका पंगतीत, चेअरमनच्या आईसकट बायका दुसऱ्या. भरीत असं झालं होतं की पाटील सरांनी सूत्र सोडून बोटं चाटली!

दुसऱ्याच दिवशी नानांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, नानांना हाताला धरून संस्थेत नेलं आणि मुदतीआधी सगळी पावती मोडली. व्याज गेलं. नाना त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. मीही अक्कांना अहवाल दाखवायला गेलो होतो, त्यांनी तो घेऊन त्यावर पापड वाळत घातले.

होळीच्या आधी संस्थेच्या दारावर कागद लागला, 'तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद'. आत माझे पैसे, सरांचे पैसे, शेठचे तर पाचही ठिकाणचे. नानांचा फंड तेवढा बाहेर.

बाकावर एकच चर्चा. शेठ म्हणाले, भरितात तेल कमी होतं, अक्कांनी ओळखलं. सर म्हणाले, शेंगदाणे कमी होते. शेवटी मी नानांच्या घरी जाऊन विचारलंच, "अक्का, भरितावरून कसं कळलं हो तुम्हाला?"

अक्का धुळ्याकडच्या. पापड उलटता उलटता म्हणाल्या, "भरीत बेस व्हतं भाऊ, मी दोनदा लिधं. चेअरमननी माय मना बाजूले बठेल व्हती. तिनी माले हळूच इचारं, 'अक्का, पोस्टमा खातं उघाडाले काय काय कागद लागतस?'"