दोन काट्यांचा मिक्सर

माझा मिक्सर सोळा माईकचा आहे आणि तो उचलायला दोन माणसं लागतात. मुंबईतला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा मी तो आणला. जव्हारला लग्न-भजनाला साऊंड लावणारे बाकीचे आता मोबाईलवर बोट फिरवून आवाज कमी-जास्त करतात. मला म्हणतात, हे धूड कशाला वागवतोस? अरे, त्या काचेवर बोटाला काही लागतं का? माझ्या मिक्सरवर ढोलकीचं बटण ढोलकीच्याच जागी. न बघता हात तिथे जातो, आणि किती फिरवलं ते बोटच सांगतं. वर पिवळ्या काचेखाली दोन काटे. आवाज वाढला की ते तांबड्या पट्ट्याकडे सरकतात. त्या काट्यांवर माझा जीव आहे.

त्याला दुसरंही कारण होतं, ते बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर स्पीकरशेजारी उभं राहून माझे कान गेले. सगळे नाही. ढोल, गाडी, पुरुषांचं बोलणं कळतं. बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, पावसाळ्यातले रातकिडे गेले, आणि खरं सांगायचं तर बायकोचं निम्मं बोलणंही गेलं. ऐकू न येणाऱ्याला साऊंडचं काम कोण देणार? म्हणून मी काटे बघून धंदा करत होतो, आणि ती शेजारी बसून हाताने खुणा करायची.

गेल्या उन्हाळ्यात सूर्यमाळच्या एका पाड्यावर लग्न होतं. भर दुपारी टँकर आला म्हणून बायको प्यायचं पाणी आणायला गेली. तेवढ्यात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी म्हातारी, माईकपुढे बसून गाऊ लागली. मला काही ऐकूच येईना. काटाही जेमतेम हलत होता. मी तिचं बटण वाढवलं, अजून वाढवलं. मग काटा एकदम उठला आणि तांबड्यात जाऊन टेकला. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हातारीचा गळा उघडला एकदाचा.

मान वर केली तर मांडवातली सगळी माणसं कानांवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. लहान पोरं रडत होती. म्हातारी कधीच थांबली होती. माईक शिट्टी मारत होता आणि मी आपला खुशीत मान डोलावत होतो. बायको हंडा टाकून धावत आली, तिने ते बटण उलटं फिरवलं आणि लोकांना भराभरा काहीतरी सांगत सुटली.

नवऱ्या मुलाचा मामा माझ्यापाशी आला. त्याचा आवाज भारी, मला कळला.

"वहिनी सांगते, मशीन खराब झालंय. भंगारात घाल ते. नवं घेतलंस तर आमच्या पुढच्या लग्नांना तूच ये."

नुसती मान हलवली असती तरी सुटलो असतो. मागून बायको डोळ्यांनी विनवत होती, गप्प बसा म्हणून. पण नवं घेऊन करू काय? त्या मोबाईलच्या काचेवर माझा हात आंधळा. आणि माझं डोकं फिरलं ते वेगळंच. ज्याने इतकी वर्षं मला सांभाळून घेतलं, त्याला हा भंगार म्हणतो?

"मशीन चांगलं आहे," मी म्हटलं. "मलाच ऐकू येत नाही."

मामा मांडवात परत गेला. म्हातारीने उरलेलं गाणं माईकशिवाय म्हटलं. पुढची लग्नं दुसऱ्याकडे गेली, त्यानंतरचीही. आम्ही जव्हारला पोचायच्या आत बातमी पोचली होती.

पिकअपमध्ये मिक्सर आदळला होता, म्हणून घरी येताच मी तो लावून बघितला. बायको उंबऱ्यात बसली होती. रस्ताभर तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं. मी माईक तिच्या हातात दिला, म्हटलं, बोल काहीतरी. ती बोलली. बराच वेळ बोलली. तिचे ओठ भराभर हलत होते आणि काटा तांबड्यापर्यंत जाऊन परत येत होता. काय बोलली ते मला कळलं नाही. मशीन ठीक आहे, एवढंच मी तिला सांगितलं.