परत आलेले पॉइंट

विक्रोळीत आमच्या बिल्डिंगखाली साड्यांना फॉल लावणाऱ्या बाई दुपारी गिऱ्हाईक नसलं की ओठांत सुई धरून मोबाइलवर अनोळखी लोकांशी बुद्धिबळ खेळतात. जिंकलं की रेटिंग चढतं, हरलं की उतरतं. कमी रेटिंगवाल्याकडून हरलं तर जास्तच. “हा आकडा हुशारीचा नाही, ताई,” त्या एकदा म्हणाल्या, “समोरच्यापुढे आपण किती टिकू, त्याचा नुसता अंदाज.”

परवा त्यांच्या मोबाइलवर त्या खेळाच्या अ‍ॅपचा निरोप आला. त्यांना हरवणारा एकजण कॉम्प्युटरकडून चाली घेत होता, म्हणून त्यांचे गेलेले पॉइंट परत मिळाले.

“झकास!” मी म्हटलं.

त्या मात्र तोच डाव उघडून, तंद्री लागल्यासारख्या, एकेक चाल पाहत राहिल्या.

“इतकं सुंदर खेळत होता ना,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटलं, कुठेतरी माणूस बसलाय.”