राजेश्रीच्या लग्नातलं आभाळ

सोनपेठचा नागसेन फोटोग्राफर रागावला की बोलत नाही, लेन्स पुसतो. त्या दुपारी त्यानं स्टुडिओतल्या सगळ्या लेन्स पुसल्या, मग काउंटरची काच पुसली, आणि शेवटी पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या गिऱ्हाइकाचा चष्माही मागून घेऊन पुसला.

"झालं तरी काय?" त्याच्या बायकोनं, बबितानं विचारलं.

"फोटोंच्या प्रदर्शनातून माझा फोटो काढून टाकला. आभाळ चिकटवलेलं हाय म्हणले."

बबितानं पदर तोंडाला लावला. पण पदरामागचं हसू नागसेनला दिसलंच, आणि तिथून खरा भडका उडाला.

तिच्या हसण्याला कारण होतं. नागसेनचं पोट लग्नांवर आणि बारशांवर चालतं, जीव मात्र ढगांत. आभाळ भरून आलं की बाकीचं सोनपेठ वाळवण आत घेतं, आणि हा कॅमेरा घेऊन बाहेर पडतो. निरभ्र दिवशी बिचाऱ्याचं तोंड उतरलेलं असतं. "आज नुसतंच निळं," असं तो शिळ्या भाजीकडं बघावं तसं वर बघून म्हणतो.

काही वर्षांमागं, दसऱ्याच्या तोंडावर, गोदावरीकाठच्या काळ्या रानात त्याला जन्माचं आभाळ भेटलं. वर वांग्यासारखा जांभळा-काळा ढग, खाली रानाला टेकलेला हळदीचा पट्टा, आणि मधे झरझर ताडपत्री ओढणाऱ्या धुरपताबाई. कापून ठेवलेल्या सोयाबीनचा ढीग झाकायची त्यांची धडपड चालली होती. ताडपत्रीचा एक कोपरा वाऱ्यानं उचलून धरला होता.

"फोटो काय काढायलास मेल्या, कोपरा धर," धुरपताबाई ओरडत होत्या.

नागसेननं आधी फोटो काढला, मग कोपरा धरला. तेवढ्यात ढीग भिजला. पुढं वर्षभर धुरपताबाई त्याच्या स्टुडिओवरून जाताना तोंड फिरवून जात.

इथवर सगळं खरं. खोट्याला सुरुवात झाली ती लग्नसराईत. आपल्याकडं लग्नं धरायची वैशाखात, आणि वैशाखात परभणी जिल्ह्याचं आभाळ म्हणजे डोक्यावर पालथा धरलेला तापला तवा. नवरा-नवरी कितीही देखणी असोत, मागं पांढरं फटक. नागसेननं एकदा, अगदी एकदाच, त्या फोटोतून धुरपताबाईंना कापून काढलं आणि ते आभाळ एका जोडप्यामागं लावून दिलं. जोडपं खूश. मग नवरीच्या मावसबहिणीला तसंच पाहिजे झालं. मग तिच्या जावेला. बघता बघता तालुक्यातल्या घराघरांतल्या अल्बमात तोच ढग जाऊन बसला. नव्या सुना एकमेकींना अल्बम दाखवत आणि म्हणत, "अगं, आमच्या वेळी पण अस्संच भरून आलं होतं." नागसेन म्हणायचा, "नशीब लागतं, ताई."

आणि आता प्रदर्शनाचे प्रमुख बन्सीधर सर, निवृत्त चित्रकलाशिक्षक, धुरपताबाईंच्या त्या मूळ फोटोसमोर उभं राहून भर सभागृहात म्हणाले होते, "नागसेन, हे आमच्या पोरीच्या, राजेश्रीच्या लग्नातलं आभाळ हाय. तिथून उचलून तू धुरपताबाईच्या मागं चिकटवलंस. जन्मभर चित्रकला शिकवली मी, मला फसवायलास व्हय?"

खरं ते खोटं ठरलं आणि खोटं ते खरं. संताप कुणाला येणार नाही?

"मग सांगायचं खरं काय ते," बबिता म्हणाली.

"काय सांगू? समद्या तालुक्याचं आभाळ खोटं हाय म्हणू?"

"तुमचं खरं ठरवायचं असंल तर तेवढं म्हणावंच लागंल."

दुसऱ्या दिवशी नागसेन प्रदर्शनात गेला, तो मोटारसायकलवर मागं धुरपताबाईंना बसवून. त्यांना मनवायला फार बोलावं लागलं नव्हतं. आपलं भिजलेलं सोयाबीन कुणी खोटं ठरवतंय एवढं कळणं पुरेसं होतं.

"सर," त्या दारातूनच म्हणाल्या, "आभाळ खोटं म्हणता. मग माझं सोयाबीन कशानं भिजलं?"

"पण बाई, राजेश्रीच्या लग्नात हेच आभाळ..."

"राजेश्रीच्या लग्नात? मांडवात पंख्याफुडं बर्फाची लादी कुणी ठेवली होती? तुमीच ना? ढग आला असता तर बर्फ कशाला आणला असता?"

सभागृह नागसेनकडं वळलं. सभागृहात निदान सात-आठ जणांचे अल्बम त्याच्याच हातचे होते.

"तिथलं चिकटवलेलं हाय, सर. मीच चिकटवलं. समद्यांचंच. हे तेवढं खरं हाय."

एक बाई नवऱ्याकडं अशी बघायला लागली की जणू आभाळाबरोबर बाकीचंही तपासून घ्यावं. बन्सीधर सरांनी कोपऱ्यात टेकवलेली फ्रेम उचलली, स्वतःच्या हातानं खिळ्याला अडकवली आणि नागसेनच्या कानाशी लागले.

"राजेश्रीच्या सासरी बोलू नको. व्याही ते आभाळ पाहुण्यांना दाखवत्यात."

फोटो लागला. नागसेन शेजारी खुर्ची टाकून बसला, पलीकडं धुरपताबाई. दुपारी बाहेरगावाहून आलेलं एक जोडपं त्या फोटोसमोर थबकलं. सकाळचा प्रकार त्यांच्या कानावर नव्हता.

"अहो, आपल्या लग्नातलं आभाळ," बायको हरखून म्हणाली.

नागसेनचा हात खिशाकडं गेला. तेवढ्यात नवऱ्यानं चष्मा वर सरकवून फोटो जवळून बघितला.

"आभाळ अस्सल हाय. ही म्हातारी तेवढी मागून चिकटवलेली दिसायली."

धुरपताबाईंनी जोडप्याकडं बघितलं. फोटोकडं बघितलं. रागानं त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. नागसेननं खिशातलं लेन्स पुसायचं फडकं काढलं आणि मुकाट्यानं त्यांच्या हातात दिलं.