उंडीची पानं आणि चांदीचे कण

दिघीच्या केसर कोळणीची पोर रचना म्हणजे हट्टाचं गाठोडंच. माशाचा काटा रुतला, जखम चिघळली आणि बापाचं बोट कापावं लागलं, तेव्हाच पोरीनं मनाशी ठरवलं, असले जंतू मारणारं काहीतरी करायचंच. म्हणून एम.एस्सी.ला तिनं विषय घेतला तो किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवायचा.

चांदीच्या क्षाराच्या पाण्यात अर्क घालून तापवला की रंग तपकिरी यायला हवा. कण तयार झाल्याची ती खूण. आणि हिचं? दर वेळी पांढरंफटक! तिचे मार्गदर्शक कुलदीप सर वैतागले. "रचना, सोमवारी रंग दाखव, नाहीतर विषय बदल." विषय बदल म्हणे! तिला रडूच कोसळलं.

रविवारी आईनं बोंबील धुवायला बसवलं. रचनानं नळ सोडला तशी केसर कडाडली, "अगो, गोड्या पाण्यात धुतेस? मऊ पडतील ना! खाडीचं पाणी भरलंय ते दिसत न्हाय?"

रचना ताडकन उठली. "आये, मी पानंपण खाडीतच धुते गो!"

"मग? आपल्यात तसंच धुतात."

"तिथंच तर माती खाल्ली!"

कोळ्याघरचा हात तो. पानं तोडली की धक्क्यावर खाडीत बुचकळायची आणि तशीच कॉलेजात न्यायची. पानांवरचं मीठ अर्कात उतरायचं, आणि मिठाशी गाठ पडली की चांदीचा पांढरा साका व्हायचा.

सोमवारी तिनं ताजी पानं प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात घोळघोळून धुतली. अर्क घातला. पाणी पिवळं झालं, मग चांगलं कडक चहासारखं तपकिरी. "आला! सर, रंग आला!" ती अशी ओरडली की शेजारच्या वर्गातली पोरं धावत आली.

खरी परीक्षा पुढंच होती. जखमेतले जंतू वाढवलेल्या बशीत तिनं त्या तपकिरी पाण्याचा थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी बशी उजेडात धरली, तर थेंबाभोवती स्वच्छ गोल, आत जंतूंचा मागमूस नाही. "औषध व्हायला अजून बरीच वर्षं लागतील," सर हसत म्हणाले, "पण विषय तुझाच. शाब्बास!"

रचनानं लगेच आईला फोन लावला. केसर तेव्हा बाजारात मासळी विकत होती. निम्मं तिच्या डोक्यावरून गेलं, पण तिनं कोयता बाजूला ठेवला आणि भर बाजारात हाक दिली, "ऐका गो बायांनो! ज्या जंतूंनी माझ्या दादल्याचं बोट खाल्लं ना, ते माझ्या पोरीनं मारले!"